माउस कुठे आहे, माउस थांबलाय का: गोडोमध्ये होव्हर आणि आयडल ओळखण्याची पहिली पावलं

समजा तुम्ही सात-आठसारखा दोघांचा पत्त्यांचा खेळ बनवताय. हातातल्या पत्त्यावर माउसचा बाण नेला की पत्ता जरा वर यायला हवा. बाण तिथेच थोडा वेळ ठेवला तर त्या पत्त्याची माहिती दिसायला हवी. आणि खेळणाऱ्याने बराच वेळ काहीच केलं नाही, तर समोर बसलेल्या गड्याने जांभई द्यायला हवी. तिन्ही कामं एका संध्याकाळची वाटतात. पण नवशिक्यांच्या खेळात नेमक्या याच ठिकाणी पत्ता थरथरतो, माहितीची चौकट भलत्या वेळी उघडते आणि खेळणारा हुकुमाचा विचार करत असताना समोरचा गडी जांभयांवर जांभया देतो.

यामागे बहुतेक वेळा एकच घोटाळा असतो. माउस कशावर आहे (होव्हर) हा एक प्रश्न आणि माउस हलतोय की थांबलाय (आयडल) हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावलं की सगळं बिघडतं. म्हणून आधी दोन्ही वेगवेगळे सोडवू आणि मग जिथे खरंच गरज आहे तिथेच जोडू.

उदाहरणासाठी खेळ बनवण्याचं गोडो इंजिन घेतलंय, चौथी आवृत्ती. अर्जेंटिनात जन्मलेलं हे इंजिन २०१४ साली एमआयटी परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं झालं, ४.० आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली. पैसे पडत नाहीत, डाउनलोड लहान आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं, त्यामुळे शिकायला मी हेच सुचवेन. लेखात फंक्शन, सिग्नल आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, खालची रेघ जिथल्या तिथे ठेवून. एडिटरमध्ये टाइप करताना तीच नावं इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत लिहायची. पहिली दोन-तीन अक्षरं टाकली की एडिटर उरलेलं नाव स्वतःच सुचवतो.

पाऊल १: पत्ता कोणत्या नोडचा, ते आधी ठरवा

गोडोमध्ये खेळाचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक नोड, आणि काही घडलं की नोड जो निरोप सोडतो तो सिग्नल. माउस 'वर आला' आणि 'गेला' हे सांगणारे सिग्नल दोन घराण्यांच्या नोडकडे असतात. एक घराणं कंट्रोलचं: बटण, लेबल, पॅनेल, टेक्स्चररेक्ट वगैरे. दुसरं टक्कर ओळखणाऱ्या नोडचं, ज्यात आपल्या कामाचा मुख्य नोड एरिया२डी. दोन्हीकडे सिग्नलची नावं तीच आहेत, 'माउस_एन्टर्ड' आणि 'माउस_एक्झिटेड'. पण ती पोहोचण्याचा रस्ता वेगळा आहे, आणि हा फरक सुरुवातीलाच समजून घेतला तर पुढचा बराच त्रास वाचतो.

माउस हलला की त्याची नोंद, म्हणजे इव्हेंट, गोडोमध्ये एका ठरलेल्या क्रमाने फिरतो. सर्वांत आधी तो प्रत्येक नोडच्या '_इनपुट' फंक्शनला मिळतो. मग कंट्रोल घराण्याला. तिथे कोणी अडवला नाही, तर '_अनहँडल्ड_इनपुट'ला. आणि सगळ्यात शेवटी एरिया२डीसारख्या नोडना. म्हणजे पडद्यावरचं कोणतंही बटण किंवा पॅनेल एरिया२डीच्या आधी उभं असतं.

पत्ते, यादी, सामानाची पेटी, मेनू असं काही असेल तर कंट्रोल घ्या. जमिनीवर पडलेली वस्तू, शत्रू, झाड, म्हणजे जे खेळाच्या जगात फिरतं आणि कॅमेऱ्याबरोबर सरकतं, त्याला एरिया२डी. पत्त्यांसाठी कंट्रोल घेण्याचं एक ठोस कारण आहे. हातातले पत्ते पंख्यासारखे एकमेकांवर असतात. एरिया२डी घेतला, तर बाणाखाली जितके पत्ते आहेत तितक्या सगळ्यांना 'माउस आला' असा निरोप जातो आणि दोन-तीन पत्ते एकदम वर येतात. कंट्रोलच्या बाबतीत वरच्या पत्त्याने इव्हेंट धरला की खालच्या पत्त्याला तो मिळतच नाही.

पाऊल २: पहिला होव्हर

नवा सीन उघडा. मुळाशी साधा कंट्रोल नोड ठेवा, नाव 'पत्ता'. त्याला पत्त्याएवढा आकार द्या, समजा १२० बाय १७० पिक्सेल. त्याच्या आत टेक्स्चररेक्ट ठेवून त्यात पत्त्याचं चित्र भरा. आता 'पत्ता' नोड निवडून उजवीकडच्या नोड टॅबमध्ये 'माउस_एन्टर्ड' आणि 'माउस_एक्झिटेड' हे सिग्नल स्क्रिप्टला जोडा. दोन्ही फंक्शनमध्ये सध्या फक्त प्रिंटची एकेक ओळ लिहा: 'आला' आणि 'गेला'. खेळ चालवून खालच्या आउटपुट पट्टीत दोन्ही शब्द नीट उमटतात का ते पाहा. हे दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. पत्ता उचलण्याचं ॲनिमेशन लिहून मग सिग्नलच येत नाही असं कळणं, यात उगाच वेळ जातो.

काहीच उमटत नसेल तर संशयित बहुधा 'माउस_फिल्टर' हे सेटिंग असतं. त्याच्या तीन किमती आहेत. 'स्टॉप' म्हणजे माउस मला कळतो आणि मी तो पुढे जाऊ देत नाही. 'पास' म्हणजे मला कळतो, आणि मी वापरला नाही तर माझ्या वरच्या पालक नोडला देतो. 'इग्नोर' म्हणजे माउसच्या दृष्टीने मी इथे नाहीच. गंमत अशी की प्रत्येक नोडची मूळ किंमत सारखी नसते. साधा कंट्रोल आणि कलररेक्ट 'स्टॉप'वर असतात, टेक्स्चररेक्ट 'पास'वर, लेबल 'इग्नोर'वर. म्हणून लेबलवर होव्हर लावला तर तो चालत नाही, आणि पार्श्वभूमीला रंग द्यायला टाकलेला कलररेक्ट मागच्या जगाचा माउस पूर्ण अडवून बसतो.

हा दुसरा प्रकार इतका सर्रास होतो की त्यावर जरा थांबायला हवं. गुण, वेळ, आयुष्यं दाखवायला पडद्यावर एक पूर्ण आकाराचा कंट्रोल ठेवला जातो. तो पारदर्शक असतो, दिसत नाही. पण तो 'स्टॉप'वर असतो. मग मागच्या एरिया२डीवर बाण कितीही फिरवला तरी काही घडत नाही आणि माणूस तासभर एरिया२डीच्या सेटिंगमध्ये चूक शोधत राहतो. उपाय एका क्लिकचा: त्या पूर्ण पडद्याच्या कंट्रोलचा 'माउस_फिल्टर' 'इग्नोर' करा, आतल्या बटणांना हात लावू नका. नेमका कोण अडवतोय हे कळत नसेल तर खेळ चालू ठेवून त्या जागी क्लिक करा आणि एडिटरच्या डीबगर पट्टीतला 'मिस्क' टॅब उघडा. शेवटचा क्लिक कोणत्या कंट्रोलने घेतला त्याचं नाव तिथे असतं.

एरिया२डी वापरत असाल तर तीन गोष्टी तपासा. आत कोलिजनशेप२डी आहे आणि त्याला आकार दिलाय. 'इनपुट_पिकेबल' चालू आहे. आणि 'कोलिजन_लेअर'मधला निदान एक चौकोन भरलेला आहे. शेवटची अट लक्षात राहत नाही, कारण टक्कर आणि माउस यांचा संबंध वरवर दिसत नाही. कॅरेक्टरबॉडी२डी (हलणाऱ्या पात्राचा नोड) आणि तिच्या भावंडांमध्ये 'इनपुट_पिकेबल' मुळातच बंद असतं, ते हाताने चालू करावं लागतं. आणि खेळ सबव्ह्यूपोर्टच्या, म्हणजे पडद्याच्या आतल्या वेगळ्या पडद्याच्या, आत चालत असेल तर त्याचं 'फिजिक्स_ऑब्जेक्ट_पिकिंग'ही चालू करा.

पाऊल ३: थरथरणारा पत्ता

आता 'आला' म्हटलं की पत्ता ४० पिक्सेल वर न्या, 'गेला' म्हटलं की खाली आणा. चालवा. पत्त्याच्या मध्यावर सगळं ठीक दिसेल. आता बाण पत्त्याच्या अगदी खालच्या कडेवर ठेवा. पत्ता वर जातो, त्यामुळे बाणाखालून निसटतो, त्यामुळे 'गेला' येतो, पत्ता खाली येतो, पुन्हा बाणाखाली येतो, पुन्हा 'आला'. तुम्ही हात हलवला नाही तरी पत्ता थरथरत राहतो.

यावर लोक टायमर लावतात, 'गेला' आल्यावर थोडं थांबून खाली आणा असं लिहितात. त्याने थरथर मंद होते, जात नाही. मूळ अडचण ही आहे की माउस ओळखणारी जागा आणि डोळ्यांना दिसणारं चित्र या एकच गोष्ट धरल्या. त्या वेगळ्या करा. 'पत्ता' नोड जागचा हलवू नका, फक्त आतला टेक्स्चररेक्ट वर सरकवा आणि त्याचा 'माउस_फिल्टर' 'इग्नोर' करून टाका. माउस आता एका स्थिर चौकोनाकडे बघतो, आणि चित्र हवं तसं नाचवता येतं. माझ्या मते होव्हरच्या कामात ही एक सवय सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. एरिया२डीलाही हेच लागू: एरिया आणि आकार स्थिर, हलतो तो फक्त स्प्राइट, म्हणजे चित्राचा नोड.

यात एक उणीव राहते. वर आलेल्या पत्त्याचा वरचा ४० पिक्सेलचा तुकडा ओळखण्याच्या जागेबाहेर जातो, आणि खेळणाऱ्याने बाण तिथे नेला तर पत्ता खाली बसतो. म्हणून होव्हर सुरू असताना ओळखण्याची जागा वरच्या बाजूने ४० पिक्सेल वाढवा, खालची कड मात्र तिथेच ठेवा. जागा वाढवली तर चालते. खालून कमी केली की थरथर परत येते. कंट्रोलला कडेने वाढवताना आतलं चित्रही सरकेल, तेव्हा ते त्या हिशेबाने बसवा.

ॲनिमेशनसाठी ट्वीन (एखादी किंमत हळूहळू बदलत नेणारी सोय) वापरत असाल तर नवा ट्वीन बनवण्याआधी जुना 'किल' करा. बाण पत्त्यांवरून झपकन फिरवला की वर नेणारा आणि खाली आणणारा असे दोन ट्वीन एकाच चित्राला एकाच वेळी ओढत राहतात आणि पत्ता अधांतरी राहू शकतो. ट्वीन एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवणं आणि चालू असेल तर बंद करणं, एवढ्या दोन ओळी पुरतात.

'झेड_इंडेक्स'बद्दलही सांगायला हवं. वर आलेला पत्ता शेजाऱ्याच्या वर दिसावा म्हणून त्याचा 'झेड_इंडेक्स' वाढवला जातो. चित्र वर येतं खरं, पण कंट्रोलच्या बाबतीत 'झेड_इंडेक्स' फक्त रंगवण्याचा क्रम बदलतो, माउस कोणाला मिळणार तो क्रम बदलत नाही. डोळ्यांना इस्पिकचा एक्का वर दिसतो आणि माउस जातो शेजारच्या बदामच्या सत्तीकडे. माउसचा क्रम नोडच्या झाडातल्या क्रमावरून ठरतो, नंतरचं भावंड वर. तो बदलायचा तर 'मूव्ह_चाइल्ड'ने पत्त्याची जागा बदलावी लागते. पण पत्ते एचबॉक्सकंटेनरमध्ये (आतले नोड आपोआप आडव्या रांगेत मांडणारा नोड) असतील तर त्याने मांडणीच बदलेल. पंख्यासाठी म्हणूनच कंटेनर न वापरता पत्त्यांच्या जागा स्वतः मोजणं मला जास्त सोयीचं वाटतं.

आणि होव्हर असलेला पत्ता खेळून टाकला, म्हणजे 'क्यू_फ्री' केला, की 'सध्याचा पत्ता' साठवणारं व्हेरिएबल रिकामं करायला विसरू नका. नाहीतर ते नष्ट झालेल्या नोडकडे बोट दाखवत राहतं आणि पुढच्या वापराला खेळ कोसळतो.

पाऊल ४: माउस थांबलाय का

आता दुसरा प्रश्न. यासाठी पत्त्याला काही विचारायचं नाही. एक स्वतंत्र नोड बनवा, नाव 'जागल्या', आणि प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये तो ऑटोलोड करा, म्हणजे सीन बदलला तरी तो राहील. त्याच्या आत एक टायमर ठेवा: 'वन_शॉट' चालू, 'वेट_टाइम' ८ सेकंद. टायमरचं 'स्टार्ट' पुन्हा बोलावलं की तो पहिल्यापासून मोजायला लागतो. म्हणजे खेळणाऱ्याने काही केलं की 'स्टार्ट', आणि 'टाइमआउट' आलाच तर खेळणारा ८ सेकंद शांत आहे.

हे '_इनपुट' फंक्शनमध्ये लिहा, '_अनहँडल्ड_इनपुट'मध्ये नको. वरचा क्रम आठवा: एखाद्या बटणाने माउस धरला तर '_अनहँडल्ड_इनपुट'ला तो कधीच कळणार नाही, आणि खेळणारा मेनूत मनसोक्त फिरत असताना तुमचा जागल्या त्याला झोपलेला समजेल.

पुढचा भाग सोपा वाटतो, पण इथेच बारकावा आहे. माउस हलल्याचा इव्हेंट आला म्हणजे माणसाने माउस हलवला, असं धरता येत नाही. चकचकीत टेबलावर ऑप्टिकल माउस हात न लावताही एखादा पिक्सेल इकडेतिकडे करतो. विंडोज तर माउस जागेवर असतानाही, बाणाखालची खिडकी बदलली की, हलल्याचा निरोप पाठवू शकतं. म्हणून काहीतरी उंबरठा हवा. पहिला विचार असा येतो की एका इव्हेंटमधलं 'रिलेटिव्ह' (मागच्या इव्हेंटपासूनचं) अंतर २ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर दुर्लक्ष करावं. ते करू नका. कोणी माउस अगदी सावकाश सरकवत असेल तर प्रत्येक इव्हेंटमध्ये एकच पिक्सेल येतो, आणि तो माणूस पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला तरी तुमच्या खेळाला पत्ता लागत नाही.

चांगला मार्ग खुंटीचा. माउस जिथे थांबला ती जागा खुंटी म्हणून लक्षात ठेवा. दाव्याला बांधलेलं वासरू दाव्याच्या लांबीत कितीही घुटमळलं तरी ते गेलं असं आपण म्हणत नाही, तसं खुंटीपासून ६ पिक्सेलच्या आत काहीही झालं तरी ते हालचाल म्हणून धरायचं नाही. त्याच्या बाहेर गेला की हालचाल, आणि नवी जागा ही नवी खुंटी. स्क्रिप्टचा सांगाडा असा:

इव्हेंट आला तर
— तो इनपुटइव्हेंटमाउसमोशन असेल:
—— इव्हेंटची पोझिशन आणि खुंटी यांतलं अंतर ६ पेक्षा जास्त असेल, तर खुंटी = इव्हेंटची पोझिशन, आणि 'जाग_आली' बोलवा
— तो कळ किंवा माउसचं बटण दाबल्याचा असेल, तर 'जाग_आली' बोलवा
— तो जॉयपॅडच्या दांडीचा असेल आणि किंमत ०.२ च्या वर असेल, तर 'जाग_आली' बोलवा

'जाग_आली' मध्ये
— टायमर स्टार्ट
— आधी शांत असलो, तर शांत = नाही, आणि 'खेळाडू_परतला' हा सिग्नल सोडा

टायमरचा 'टाइमआउट' आला की
— शांत = हो, आणि 'खेळाडू_शांत' हा सिग्नल सोडा

थरथर एका जागेभोवतीच असते, म्हणून ती खुंटीच्या वर्तुळात अडकते. सावकाश सरकणं मात्र कधी ना कधी वर्तुळाबाहेर पडतंच. माउसचं चाक बटण म्हणूनच येतं, त्याला वेगळी ओळ नको. जॉयपॅडची दांडी सोडून दिल्यावरही ती बारीकसारीक किमती पाठवत असते, म्हणून ०.२ ची अट.

६ हा आकडा डोळे झाकून उचलू नका. खेळाचा मूळ आकार ३२० बाय १८० ठेवून तो १९२० रुंदीच्या पडद्यावर ताणला असेल, तर खेळातला एक पिक्सेल म्हणजे पडद्यावरचे सहा. अशा पिक्सेल-आर्टच्या खेळात उंबरठा १ पुरतो.

दोन पर्याय तुम्हाला इतर ठिकाणी दिसतील, त्यांच्याबद्दल थोडं. 'गेट_लास्ट_माउस_व्हेलॉसिटी' माउसचा वेग देतं, पण तो दर ०.१ सेकंदालाच मोजला जातो आणि प्रत्यक्ष हालचालीच्या मागे राहतो. फटका किती जोरात मारला हे पाहायला बरं, थांबला का हे ठरवायला नाही. दुसरा पर्याय '_प्रोसेस'मध्ये दर फ्रेमला माउसची जागा विचारून मागच्या जागेशी ताडून पाहणं. हे चालतं, महागही नाही. पण त्यात 'गेट_ग्लोबल_माउस_पोझिशन' वापरू नका. ती जागा खेळाच्या जगातली असते. कॅमेरा पात्रामागे सरकत असेल तर माउसला कोणी हात न लावताही ती दर फ्रेमला बदलते, आणि आयडल कधीच सुरू होत नाही. व्ह्यूपोर्टकडून, म्हणजे खेळ दिसतो त्या चौकटीकडून, 'गेट_माउस_पोझिशन' मागा.

माउस 'कॅप्चर्ड' केलेला असेल, जसा पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या (फर्स्ट-पर्सन) खेळात असतो, तर पोझिशन हलतच नाही. तिथे 'रिलेटिव्ह' सदिशांची (दिशा आणि लांबी दोन्ही असलेल्या किमतींची) बेरीज करत जा आणि त्या बेरजेची लांबी उंबरठ्याशी ताडून पाहा. लांब्यांची बेरीज करू नका. सदिशांची बेरीज केली तर डावीकडची थरथर उजवीकडच्या थरथरीने कटते.

पाऊल ५: बाण टेकवून ठेवला तर माहिती

आता दोन्ही प्रश्न जोडायची पहिली जागा. पण त्याआधी: नुसता मजकूर दाखवायचा असेल तर काहीच लिहू नका. प्रत्येक कंट्रोलला 'टूलटिप_टेक्स्ट' आहे, ते भरलं की गोडो स्वतः अर्ध्या सेकंदानंतर चौकट दाखवतो, आणि तो वेळ प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये बदलता येतो. चौकटीचं रूप बदलायचं तर '_मेक_कस्टम_टूलटिप' आहे. बहुतेकांचं काम इथे संपतं.

चौकट खेळाच्या बाजूला ठरावीक जागी उघडायची असेल, आवाज करायचा असेल, किंवा एरिया२डी असेल तरच स्वतः लिहा. पत्त्याला स्वतःचा एक टायमर द्या, ०.४ सेकंदांचा. विंडोजचा स्वतःचा होव्हर-वेळही मुळात ४०० मिलिसेकंद आहे, म्हणजे हाताला त्याची सवय झालेली असते. 'माउस_एन्टर्ड' आला की टायमर सुरू. 'माउस_एक्झिटेड' आला की टायमर बंद आणि चौकटही बंद. आणि पत्त्याच्या आत असतानाच माउस खुंटीबाहेर सरकला तर टायमर पुन्हा पहिल्यापासून. या शेवटच्या अटीमुळे, जो पत्त्यांवरून नुसता बाण फिरवतोय त्याच्या तोंडावर चौकटी आदळत नाहीत, जो थांबून बघतोय त्यालाच दिसते. एकदा चौकट उघडली की मात्र आतल्या बारीक हालचालीने ती बंद करू नका. वाचणारा माणूस नकळत माउस हलवतोच.

एरिया२डीबाबत एक गोष्ट. वस्तू स्वतः चालत येऊन थांबलेल्या बाणाखाली आली तरी 'माउस_एन्टर्ड' येतो, कारण माउस स्थिर असतानाही गोडो या नोडसाठी तपासणी चालू ठेवतो. पण तेव्हा '_इनपुट'मध्ये हालचालीचा कोणताही इव्हेंट येत नाही. म्हणून शत्रू बाणाखालून गेला यावरून 'खेळणारा जागा आहे' असा निष्कर्ष काढू नका. 'जाग_आली' कधीही 'माउस_एन्टर्ड'मधून बोलवायचं नाही, हा नियम पाळा.

पाऊल ६: बाण लपवणं आणि जांभई देणं

'खेळाडू_शांत' सिग्नलवर दोन गोष्टी करता येतात. एक, बाण लपवणं: इनपुटचा 'माउस_मोड' 'हिडन' करा, 'खेळाडू_परतला' आला की 'व्हिजिबल'. इथेही खुंटी कामाला येते. मोड बदलताना एखादा फुटकळ हालचालीचा इव्हेंट आलाच तर बाण लगेच परत उगवत नाही.

पण माउस पत्त्यावर टेकवून कोणी माहिती वाचत असेल तर त्याचा माउस स्थिरच असणार. त्याला शांत समजून बाण लपवला, वर जांभई दिली, तर खेळ त्याला घाई करतोय असं वाटेल. म्हणून बाण लपवण्याआधी विचारा: आत्ता कशावर होव्हर आहे का? असेल तर लपवू नका, आणि जांभईची मर्यादा ८ सेकंदांऐवजी ३० करा. जोडणी एवढीच. होव्हर असला म्हणजे जागा आणि नसला म्हणजे झोपलेला, असं सरळ समीकरण मांडलं की खेळ पुन्हा चुकीचा वागायला लागतो.

दुसरी गोष्ट पात्राची. १९९१ मध्ये सेगाचा सॉनिक पडद्यावर थांबवून ठेवला की कॅमेऱ्याकडे बघून पाय आपटायचा, आणि तेवढ्यानेच तो जिवंत वाटायचा. तसं काही करायचं तर दोन वेळा वेगळ्या ठेवा. पात्र उभं आहे का हे पात्राच्या 'व्हेलॉसिटी'वरून ठरतं, आणि श्वास घेण्याचं ॲनिमेशन तिथे लगेच सुरू व्हावं. खेळणारा गेला आहे का हे जागल्या सांगतो, आणि जांभई, आळस, इकडेतिकडे बघणं हे त्यावर. जांभईच्या दोन-तीन तऱ्हा करा आणि मधला वेळ १० ते २० सेकंदांत कमी-जास्त होऊ द्या. ठोक्याला ठोका जांभई आली की ती यंत्राची वाटते. खेळणारा परतला की जांभई अर्ध्यात तोडा. पूर्ण होईपर्यंत थांबायला लावलं तर कळ दाबूनही पात्र हलत नाही, आणि ते कोणालाच आवडत नाही.

खेळ 'पॉज' केला की टायमरही थांबतो. पॉज मेनूतही बाण लपायला हवा असेल तर जागल्याचा 'प्रोसेस_मोड' 'ऑल्वेज' करा. आणि माणूस दुसऱ्या खिडकीत गेला, तर 'नोटिफिकेशन_ॲप्लिकेशन_फोकस_आउट' (हे नाव मात्र मोठ्या इंग्रजी अक्षरांत) आल्यावर टायमर थांबवा, 'फोकस_इन' आल्यावर नव्याने सुरू करा. नाहीतर पंधरा मिनिटांनी परत येणाऱ्याला आधीच कंटाळलेला गडी दिसतो.

पाऊल ७: फोनवर

आपल्याकडे तुमचा खेळ फोनवर उघडला जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि बोटाला होव्हर नसतो. तरीही गोडोमध्ये स्पर्शाचं माउसमध्ये रूपांतर मुळातच चालू असतं, त्यामुळे पत्त्यावर बोट टेकवलं की 'माउस_एन्टर्ड' येतो. बोट उचलल्यावर मात्र माउस 'तिथेच' राहिल्यासारखा होऊ शकतो, आणि पत्ता वरच अडकतो.

यंत्राला टचस्क्रीन आहे का यावरून निर्णय घेऊ नका. टच असलेल्या लॅपटॉपला माउसही असतो. आलेला इव्हेंट पाहा. रूपांतर झालेल्या माउस-इव्हेंटचा 'डिव्हाइस' क्रमांक -१ असतो. शेवटचा माउस-इव्हेंट -१ चा असेल तर 'बोट' रीत, नाहीतर 'माउस' रीत. बोट रीतीत बोट उचलल्याचा इव्हेंट आला की सध्याचा होव्हर स्वतःच्या हाताने काढून टाका, आणि माहितीची चौकट दाबून धरल्यावर उघडा. पाचव्या पावलातला ०.४ सेकंदांचा टायमर तसाच वापरता येतो: बोट टेकलं की सुरू, उचललं की बंद, खुंटीबाहेर सरकलं तर बंद, कारण ते ओढणं आहे. बोटाचा ठसा रुंद असतो, म्हणून बोट रीतीत खुंटीचा उंबरठा ६ वरून १५-२० पर्यंत वाढवा आणि खऱ्या फोनवर, अंगठ्याने, पत्त्याच्या खालच्या कडेवर दाबून तपासा.